नोकरी गेली, गावी आलो. पहिले काही महिने कसे काढले, ते सांगा

पांदणरस्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीत मेंटेनन्स फिटर होतो, अकरा वर्षं. रिंग फ्रेम, ब्लो रूमच्या मोटारी, कॉम्प्रेसर, सगळं बघायचो. दिवाळीच्या आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, मग गेटवर नोटीस लागली. गिरणी कुठली हे लिहीत नाही, त्याने आता काही व्हायचं नाही. भाड्याची खोली सोडली आणि बायको-मुलींना घेऊन दारव्हा तालुक्यातल्या गावी आलो. वडिलांचं चार एकर कोरडवाहू वावर आहे, सोयाबीन-तूर होते. मोठी मुलगी दहावीला आहे.

पैशांची ओढाताण आहेच, पण ती सगळ्यांना दिसते. जे दिसत नाही ते सांगतो. पहिल्या पाळीच्या सवयीनं पहाटे पाचला डोळे उघडतात आणि उठून करायचं काय, हे सुचत नाही. पारावर गेलं की कोणीतरी विचारतं, "सुट्टीवर का?" मी हो म्हणतो. सुट्टी फार लांबली हे आता त्यांनाही कळलं असेल. मोबाईलवर "संकटातच संधी असते" असले व्हिडिओ येतात, ते पाहून चिडचिड वाढते.

दुसरं, पीएफचे पैसे. वडील म्हणतात बोअर मारू, संत्रा लावू. मेहुणा म्हणतो चाकणला ये, लावून देतो. बायको काहीच म्हणत नाही.

ज्यांच्यावर अशी वेळ येऊन गेली त्यांनी सांगावं. उपदेश नको, काय केलं ते लिहा.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, पयले त्या पारावर जा आन् एका दमात सांगून टाक, "कंपनी बंद पडली, आता गावातच हावो." दोन दिवस लोकं चघळतीन. तिसऱ्या दिवशी कोनाची म्हैस हरपते नाई तं सरपंचाचं काईतरी निंगते, तुयी बातमी शिळी. लपवून ठेवलं तं गाव सहा महिने अंदाज काढत रायते, आन् गावाचे अंदाज खऱ्यापेक्षा लय वाईट असते. माया चुलतभाऊ असाच मुका बसला, तं लोकायनं ठरवूनच टाकलं का यानं कंपनीत चोरी केली म्हून हाकलला.

आन् सांगतलं तं काम येते. तू रिकामा हायेस हे मालूमच नसन तं तुले कोन बोलावन?

प्रकाशवाट

जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. मन खंबीर ठेवा, सगळं ठीक होईल. शुभेच्छा!

वऱ्हाडी_ठेचा

@प्रकाशवाट, त्यानं उपदेश नको म्हून लिवलं, ते वाचलं का बाप्पा?

निवृत्त_कॅशियर

पांदणरस्ता, आधी हक्काचे पैसे. मन खंबीर ठेवायचं ते नंतर पाहू.

बरेच कामगार पीएफ हातात पडला की हिशोब संपला असं समजतात. ग्रॅच्युइटी वेगळी आहे. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर ती मिळते, गिरणी बंद पडली तरी मिळते. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले २६. समजा मूळ आणि भत्ता मिळून १८,००० होता, तर अकरा वर्षांचे १,१४,२३० रुपये होतात. शिवाय कारखाना बंद झाल्याची भरपाई असते, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. आधी रीतसर नोटीस दिलेली नसेल तर त्या काळाचा पगार वेगळा.

आता महत्त्वाचं. तुम्ही गिरणीच्या रोलवर (हजेरीपटावर) होता की ठेकेदाराच्या, हे पगाराच्या पावतीवर पाहा. ठेकेदाराच्या असाल तर कागदावर मालक तोच असतो आणि अर्ज त्याच्या नावाने जातो. नियुक्तीपत्र, पावत्या, ओळखपत्र यांच्या झेरॉक्स काढा. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी "साहेब म्हणाले देतो" याला काही किंमत नाही. दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. एकट्याने जाण्यापेक्षा बंद पडलेल्या पाळीतले पाच-दहा जण मिळून जा.

पीएफमध्ये पेन्शनचा एक भाग असतो. दहा वर्षं पूर्ण झाली की तो रोख मिळत नाही, ५८ व्या वर्षी महिन्याची पेन्शन लागते. त्यासाठी फॉर्म १०-सी भरून स्कीम सर्टिफिकेट काढून ठेवा आणि ते पत्र्याच्या पेटीत घाला. पुढे दुसरीकडे नोकरी लागली तर ही वर्षं त्यात मिळवता येतात. ईएसआय (कामगार विमा) कापत असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना विचारा. २०१८ साली सुरू झाली, सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. तिची मुदत वेळोवेळी वाढवतात, म्हणून शाखेत जाऊनच चौकशी करा.

एवढं सगळं जमेला आल्यावर बोअरचं बोला.

संत्राबाग

मी वरुडचा, तीन पिढ्यांचा संत्रा. म्हणून दोन शब्द.

दादा, वडिलांना दुखवू नका, पण पीएफ जमिनीत घालू नका. संत्र्याचं झाड लावल्यापासून फळावर यायला पाच-सहा वर्षं घेतं. तोवर खत, पाणी, फवारणी, राखण, पैसा फक्त जातो. डिंक्या रोग लागला तर पाच वर्षांचं झाड उभ्या उभ्या वाळतं. आमच्याकडे बोअर आठशे-हजार फुटांवर गेले, तरी उन्हाळ्यात टँकरनं बागा जगवतो. तुमच्या भागात खाली काळा पाषाण, पाणी लागलं तर लागलं. नाही लागलं तर जो पैसा तुम्हाला वर्षभर जगवणार होता, तो एका रात्रीत भोकात गेला. ज्याच्याकडे दुसरी मिळकत आहे त्यानं बाग लावावी.

सोयाबीनचंही मनात बांधून ठेवू नका. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला की खरेदी केंद्रावरून माल परत येतो. मग व्यापारी सांगेल तो भाव. कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल आले आणि चार-सव्वाचार हजारानं गेले तर पंचवीस हजार. बियाणं, खत, तणनाशक, डवरणी, सोंगणी, मळणी वजा जाता हातात काय राहतं ते वडिलांसोबत बसून वहीत मांडा. चार एकर घराला आधार देऊ शकतं, पगाराची जागा घेऊ शकत नाही.

बी_शिफ्ट

चाकणला सहा वर्षं काढली. मेहुण्याला तीनच गोष्टी विचारा. रोल कोणाचा, ओव्हरटाइम दुप्पट देतात का, सात महिन्यांनी ब्रेक देतात का (म्हणजे कायम करावं लागू नये म्हणून मधेच कामावरून कमी करतात का). आणि खोलीभाडं. एकटं राहून पाच जणांत खोली घेतली तर गावी काही धाडता येतं, सगळं घर न्यायचं तर विसरा. मुलीची दहावी आहे, मार्चपर्यंत तरी घर हलवू नका.

जात्यावरची

दादा, तुमच्या लिहिण्यात एक ओळ आहे, "बायको काहीच म्हणत नाही." मी ती बायको होते, म्हणून लिहिते.

माझे मिस्टर कापसाच्या जिनिंगमध्ये हिशोबाला होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये काम गेलं. मी काही म्हणायची नाही, कारण काहीही म्हटलं तरी त्यांना टोचायचं. तेलाचा डबा महागला म्हटलं की चेहरा उतरायचा. म्हणून तेलाचा विषय बंद केला. मग दुकानाची उधारी सांगणं बंद केलं. मग पोरीची फी. असं करत करत घरात बोलायला काही उरलंच नाही, टीव्ही तेवढा चालू.

आमच्या बचत गटात दर बैठकीला रजिस्टर मोठ्यानं वाचतात. जमा किती, कर्ज कोणाकडे, हप्ता कोणाचा थकला, सगळं सगळ्यांसमोर. नवीन बाईला आधी लाज वाटते, चार बैठकांनी जाते. मी तसंच एक रजिस्टर घरी आणलं. शनिवारी जेवणं झाली की मी, ते आणि सासूबाई, तिघं चुलीजवळ बसायचो. आलं किती, गेलं किती, कोणाचं देणं किती. लिहायचं आणि वाचायचं त्यांनी, कारण अक्षर त्यांचं मोत्यासारखं, माझं म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. दुकानाची उधारी कागदावर उतरली तेव्हा आम्ही दोघं मनात धरून होतो त्यापेक्षा कमी निघाली. दोघांच्या मनातले आकडे वेगवेगळे होते आणि दोन्ही फुगलेले. दुसऱ्या बैठकीला सासूबाईंनी लुगड्याच्या गाठीतून नोटा काढून पाटावर ठेवल्या. त्यांच्याकडे पैसे आहेत हे त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, "मले कोनी विचारलंच नाई."

त्या बैठकीत भांडणंही झाली, ते लपवत नाही. त्यांच्या सिगारेटींवरून एकदा रजिस्टर अंगणात गेलं. पण अबोल्यापेक्षा ते भांडण बरं.

पुढे गटाचं कर्ज आणि सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेतून (३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख) तूर भरडायची छोटी चक्की घेतली. भरभराट वगैरे काही नाही. तूर भिजवून वाळवायला ऊन लागतं, पावसाळ्यात चक्की झाकून ठेवतो आणि ते अजूनही हंगामात जिनिंगला चार महिने जातात. पण चाललंय.

तुमच्या बायकोला विचारा. "काय करू?" असं नको. "तुझ्या मनात उधारीचा आकडा किती आहे?" असं विचारा.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, "मले कोनी विचारलंच नाई" हे वाचून मी आत्ताच आईले फोन लावला.

मास्तरीण

धागाकर्त्यानं पहाटे पाचचं लिहिलं, त्यावरून एक अभ्यास आठवला. तोही सूतगिरणीच्याच गावाचा आहे.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारीनताल नावाची वस्ती आहे. सगळं गाव एका सूतगिरणीवर जगायचं. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळपास प्रत्येक घर बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे संशोधक तिथे गेले आणि १९३३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. तोवर समज असा होता की रिकामी माणसं वाचतील, सभा-संमेलनं करतील, चळवळीत उतरतील. घडलं उलटं. वाचनालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. संशोधकांनी मुख्य रस्त्यावर घड्याळ लावून लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष सावकाश चालायचे आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबायचे. बायका त्याच रस्त्यानं लवकर जायच्या, कारण त्यांचं घरचं काम काही गिरणीबरोबर बंद झालेलं नव्हतं. दिवसभर काय केलं असं विचारलं तर पुरुषांना उठणं, जेवणं आणि झोपणं यांच्या मधलं सांगता येत नसे.

याहोडाबाईंनी पुढे मांडलं की नोकरी पगाराखेरीज बरंच काही देते. दिवसाला वेळापत्रक देते, घराबाहेरच्या माणसांत नेते, चार जणांच्या मिळून चाललेल्या कामात वाटा देते, गावात एक ओळख देते, हातांना रोजचा उद्योग देते. नोकरी गेली की हे सगळं एकदम जातं आणि माणसाला वाटतं आपणच खचलो.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार खरी वाटते. जी घरं उभी राहिली ती घरखर्चाचा बेत आखणारी, मुलांकडे लक्ष देणारी, पुढचा विचार करणारी होती. आणि त्याच घरांत दर माणशी थोडे जास्त पैसे येत होते. पैसे आणखी घटले की तीही खालच्या पायरीवर घसरायची. म्हणजे मनोधैर्य हवेत राहत नाही. कॅशियरकाकांचा ग्रॅच्युइटीचा प्रतिसाद मी मनोधैर्याचाच प्रतिसाद म्हणून वाचला.

पांदणरस्ता

सगळ्यांचे आभार. थोडा उशीर झाला, कारण कामात होतो. हे वाक्य लिहिताना बरं वाटलं.

ठेचाभाऊंचं ऐकलं. पारावर सांगितलं. एक म्हातारे बाबा म्हणाले, "आमाले मालूमच होतं." एवढंच. मग एकानं विचारलं, गिरणीत काय करत होता? मोटारी बघायचो म्हटलं. तो म्हणाला, माझी पाणबुडी मोटार जळून पडलीय, दारव्ह्याला नंबर लागला, हरभऱ्याचं पाणी चुकतंय.

गिरणीतल्या मोटारी आणि पाणबुडी यांत फरक आहे. पाणबुडीच्या आत पाणी भरलेलं असतं, त्यामुळे तार वेगळी, प्लास्टिकचं आवरण असलेली. मी ती मोटार उघडली तर दोन फेजचं वायंडिंग कोळसा झालेलं आणि तिसऱ्याचं नव्यासारखं होतं. म्हणजे लाइनीतला एक फेज गेला आणि मोटार दोघांवर तशीच ओढत राहिली. रात्रपाळीची लाइन, माणूस झोपेत, कोण बघणार? जुनं वायंडिंग तोडण्याआधी प्रत्येक कॉइलचे वेढे मोजून, खाच कुठून कुठे जाते त्याचं चित्र काढून ठेवलं. नागपूरला गिरणीतला एक जुना सहकारी वायंडिंगच्या दुकानात आहे, त्याच्याकडे दोन आठवडे बसून हात बसवला. रब्बीत सगळीकडे मोटारी जळतात, त्यामुळे कामाला तोटा नाही.

अडचण वेगळीच आलीय. सगळे म्हणतात, "तूर निघाली का देतो." तांबं मला रोखीनं आणावं लागतं. नाही म्हणावं तर सगळी नात्यातली, शेजारची माणसं.

पीएफला हात लावलेला नाही. वडील थोडे नाराज आहेत. घरात रजिस्टर आणलं, जात्यावरची ताई. बायकोचा आकडा आणि माझा आकडा खरंच वेगळा होता.

आणखी एक. मोठी मुलगी म्हणते शिकवणी सोडते, पैसे वाचतील. काय सांगावं कळेना.

निवृत्त_कॅशियर

तांब्याचे पैसे आधी रोख, मजुरी तुरीवर. दोन ओळींचा नियम पाटीवर लिहून खोलीच्या दाराला लावा. तोंडानं म्हणाल तर भिडेनं मोडाल, पाटीला भीड नसते. जळालेलं तांबं मोडीत जातं, त्याची किंमत ज्याची मोटार त्याला वजा करून द्या आणि ते पावतीवर लिहा. पावती पुस्तक छापून घ्या. पुढे कर्जाला गेलात तर बँक उलाढाल विचारते आणि "गावात सगळे ओळखतात" हा पुरावा बँकेत चालत नाही.

मुख्यमंत्री रोजगार निर्मितीत ग्रामीण भागाला खुल्या गटात २५ टक्के आणि राखीव गट, महिला वगैरेंना ३५ टक्के अनुदान आहे. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून. घाई करू नका, एक हंगाम वहीवर दिसू द्या.

मास्तरीण

मुलीचं: तिला घरचा हिशोब दाखवा आणि त्यातच तिच्या शिकवणीची ओळ दाखवा, की ही ओळ आम्ही ठेवलीय. मुलांना झाकलेली गोष्ट कळतेच, फक्त अर्धवट कळते. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अनेक अडचणींत एकदम वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे नीट उभी राहिली. त्यांच्या बाबतीत वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस. आई-बापच हवं असं नाही, आजी, शिक्षक, शेजारीण कोणीही. आणि बऱ्याच मुलांवर घरातली एखादी खरी जबाबदारी होती. पावती पुस्तक तिला लिहायला द्या. पण परीक्षा झाल्यावर.

कोरडवाहू

हा धागा उघडायचो आणि बंद करायचो. आज लिहितो.

माझे वडील २००६ ला गेले. कसे, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी तेव्हा अकरावीत होतो. जाण्याआधी काही महिने त्यांनी पारावर बसणं सोडलं होतं. बैलांना हात लावायचे नाही, ताटात अर्धी भाकर टाकून उठायचे, रात्री अंगणात येरझाऱ्या. आम्हाला वाटलं, थकलेत. देणं किती आणि कोणाचं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. बँकेचं कर्ज लोकांना दिसतं. सावकाराचं आणि कृषी केंद्रवाल्याचं चिठ्ठ्यांवर असतं, त्या चिठ्ठ्या आम्हाला नंतर कोटाच्या अस्तरात सापडल्या. म्हणून जात्यावरची ताईंचं रजिस्टर मला लहान गोष्ट वाटत नाही.

ज्यांच्या घरात माणूस असा गप्प झालाय त्यांना एकच काम सांगतो, ते आजच करा. फवारणीचं औषध घरात, माळ्यावर, कोठ्यात मोकळं ठेवू नका. पेटीत कुलूप लावा, किल्ली दुसऱ्या घरी. वाईट वेळ येते तशी जाते, पण त्या घडीला हाताशी काय आहे यावर फार काही अवलंबून असतं. आणि सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्यानं कोणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट माणूस बोलायला लागतो. टेली-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. झोप आणि भूक पंधरा दिवस उडाली असेल तर तिथे जा, ताप आल्यावर जातो तसं.

मी स्वतः कसा सावरलो हे सुसंगत सांगता येत नाही. आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. गावात गुरुदेव सेवा मंडळाची सायंकाळची सामुदायिक प्रार्थना होती, तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली. मी काही भाविक नाही, पण तिथे एक आजोबा होते, ते रोज फक्त बघायचे कोण आलं, कोण नाही. एखाद्या दिवशी नाही गेलो की घरी यायचे. कोणीतरी हजेरी घेत होतं, एवढं मला आठवतं.

प्रकाशवाट

वरच्या प्रतिसादानंतर माझं आधीचं वाक्य मलाच पोकळ वाटतंय. @कोरडवाहू, मनापासून नमस्कार. आमच्या गावचं प्रार्थना मंदिर बंद पडलंय, ते उघडायचं मनात घेतो.

वायरमन_दादा

सगळं चांगलं चाललंय, पण कोणीतरी खोट काढली पाहिजे. पांदणरस्ता भाऊ, "मागेल त्याला सौर कृषी पंप" ऐकलंय ना? शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. गावोगावी पाट्या उभ्या राहून राहिल्या. त्यावर पाच वर्षं दुरुस्ती कंपनीची. म्हणजे तुमचा वायंडिंगचा धंदा चार-पाच वर्षांत आटू शकतो. कापसाच्या मुलखात हे नवीन नाही. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १८७७ ला सुरू केली, शंभरावर वर्षं चालली, शेवटी बंदच झाली. एकाच कसबावर म्हातारपण काढायचे दिवस गेले.

पांदणरस्ता

वायरमन दादा, खोट काढली ते बरंच केलं, मीही यावर विचार करतोय. सौर पंपाचे कंट्रोलर बिघडतात आणि कंपनीचा माणूस आठ-आठ दिवस येत नाही, हे आमच्याच गावात दिसतं. वॉरंटीत हात लावता येत नाही, पण पाच वर्षांनी त्या सगळ्या पंपांना कोण बघणार? यवतमाळच्या आयटीआयमध्ये सौर तंत्रज्ञाचा काही कोर्स आहे का, ते विचारायला पुढच्या आठवड्यात जातोय. तोवर एमएसईबीच्या लाइनीवर चालणाऱ्या मोटारी काही कमी नाहीत.

ग्रॅच्युइटीचा अर्ज आम्ही सात जणांनी मिळून दिला. पोच घेतली.

वऱ्हाडी_ठेचा

पाटी लावली का दाराले?

पांदणरस्ता

लावली. पहिल्याच दिवशी काकांनी वाचली आणि म्हणाले, "हे आमच्यासाठी नाई ना?" मी म्हटलं, तुमच्यासाठीच. दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी तांब्याचे पैसे घेऊन आले.

नेरकर

धाग्याचा विषय सोडून विचारतो, माफ करा. आमची पाच एचपीची पाणबुडी सुरू होते आणि दहा मिनिटांत स्टार्टर ट्रिप होतो. शेजारचा म्हणतो रिले वाढवून ठेव. मोटार काढून आणू का तुमच्याकडे? नेरहून फार लांब नाही.

पांदणरस्ता

रिले वाढवू नका, मोटार जळेल. काढूही नका अजून, उगाच पाइप ओढायची मजुरी जाईल. आधी क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचा करंट मोजा आणि मोटारीच्या प्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघा. तिन्ही सारखेच जास्त असतील तर व्होल्टेज कमी आहे किंवा पंपात गाळ बसलाय. एखादाच फेज वेगळा असेल तर फ्यूज आणि केबलचे जोड तपासा, बहुतेक तिथेच सापडेल. दिवसपाळीत मोजा, आकडे इथे टाका. मीटर नसेल तर सांगा, सोमवारी नेरच्या बाजूला एक काम आहे, येताना घेऊन येतो.